काठमांडूला गाडीनं जावं का विमानानं

यंदा डिसेंबर-जानेवारीतली वेळ अमावस्या झाली की आई-अण्णांना पशुपतिनाथाला न्यायचंच असं ठरलंय. परळी, औंढा, घृष्णेश्वर सगळं झालंय अण्णांचं, हे तेवढं राहिलंय आणि गुडघे चालतात तोवरच जाणं होतंय ना. आता घरात वाद एकच, धाकटा भाऊ म्हणायलाय गाडीच काढू.

त्याचंही खोटं नाही. लातूरहून नांदेड, यवतमाळ करत नागपूर, पुढं जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सोनौलीला सीमा. वाटेत त्रिवेणी संगम होतोय, सामान हवं तेवढं नेता येतंय. गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क, भरावा लागतो, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा, आरसी आणि लायसन्स ओरिजिनल पाहिजे. आणि इन्शुरन्सचं आत्ताच बघून घ्या बरं, आपली पॉलिसी तिकडं आपोआप लागू होत नाही, कंपनीकडून नेपाळसाठी वाढवून घ्यावी लागते.

पण मला भीती आहे ती धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत प्रयागराजपासून पार तराईपर्यंत, म्हणजे नेपाळच्या सखल पट्ट्यापर्यंत, असं धुकं पडतं की समोरचा ट्रक दिसत नाही, सकाळी उशिरापर्यंत गाडी काढताच येत नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावं लागतं, म्हणजे दिवसातनं हातात राहतात किती तास? आणि सोनौलीपासून काठमांडू अडीचशे किमीच्या वर, तेही घाटाचं, त्यात ट्रक-बसची गर्दी. आईला मणक्याचा त्रास आहे. तिला एवढं बसवून न्यायला माझं मन धजत नाही.

म्हणून माझं मत विमानाचं. हैदराबादपर्यंत आपली गाडी, तिथून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू. धुकं विमानालाही सोडत नाही, दिल्लीतही आणि काठमांडूतही सकाळची विमानं लटकतात, म्हणून दिल्लीत एक मुक्काम ठेवून दुपारचंच तिकीट काढायचं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

व्हिसा लागत नाही, पण विमानानं जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या लेकरांना आणि ६५ च्या वरच्यांना, म्हणजे आई-अण्णांचं आणि पोरांचं भागलं, अडलंय ते वहिनीचं, तिच्या मतदान कार्डावर अजून माहेरचंच नाव आहे आणि तिकीट सासरच्या नावानं निघालं तर काउंटरवर थांबवतील, तवा आधी ते दुरुस्त करून मगच बुकिंग.

पैशाचं सोपंय, आपला १ रुपया म्हणजे तिकडचे १.६०, आणि मार्च २०२४ पासून तिकडच्या Fonepay च्या (आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतंय, तरी शंभराच्या नोटा जवळ असू द्याव्यात.

थंडी मात्र आपल्यासारखी नाही. शहर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहे, जानेवारीत पहाटे २-३ डिग्री. साध्या हॉटेलात हीटर असेलच असं नाही, फोन करून विचारूनच रूम घेणार आहे. अण्णांना दम्याचा त्रास, आणि हिवाळ्यात खोऱ्यात धूर-धूळ साचून राहते, तवा मास्क आणि पंप हातातल्या पिशवीतच.

पशुपतिनाथ सकाळी, ऊन पडल्यावर करू. दुसऱ्या दिवशी बौद्धनाथचा स्तूप आणि भक्तपूर हे जुनं शहर. २०१५ च्या भूकंपात दोन्हीकडं लई नुकसान झालं होतं, बौद्धनाथचा कळस तर पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केला लोकांनी, ते अण्णांना दाखवायचंय. भावाला सांगितलंय, गाडी मार्चमध्ये काढू, तेव्हा तू आणि मी दोघंच जाऊ.