घरच्या दिवाळी अंकांची सूची: पीएचपी, जँगो, नोड आणि गो, चौघांचीही मराठीशी गाठ

घरच्या दिवाळी अंकांची वेबवरची सूची मी चार साधनांत बांधून पाहिली आणि ती आता चारही रूपांत चालू आहे: साध्या पीएचपी भाषेत, पायथन भाषेच्या जँगो या फ्रेमवर्कात, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवर आणि गो भाषेत. तक्ते सगळीकडे तेच आहेत. अंक, वर्ष, लेखक, शीर्षक, आणि मजकूर कथा आहे, कविता आहे की ललित. सेकंदाला किती रिक्वेस्ट झेलतो याची मोजमापं मुद्दाम घेतली नाहीत, कारण कपाटभर अंकांच्या सूचीला वेग कुठेच कमी पडत नाही. शीर्षक मराठी असलं की कोण किती साथ देतो, एवढंच पाहायचं होतं.

आधी लांबी. ‘क्षमा’ हा शब्द घ्या. संगणकाच्या लेखी त्यात पाच खुणा आहेत: क, हलन्त, ष, म आणि काना. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. त्यामुळे लांबी सांगणारं पीएचपीचं ‘स्ट्रलेन’ १५ सांगतं, गोचं ‘लेन’ही १५. पायथन आणि जावास्क्रिप्ट ५ सांगतात. मराठी वाचणारा कुणीही २ म्हणेल. ते २ हवे असतील तर ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारे गट, मोजावे लागतात, आणि तिथेही यूनिकोड या जागतिक लिपी-मानकाच्या सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीने नियम बदलला. आधीच्या नियमात जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं, म्हणून उत्तर ३ यायचं. आता देवनागरी जोडाक्षर अखंड धरलं जातं. तुमच्या सर्व्हरवरची लायब्ररी कोणत्या नियमाची आहे हे एकदा ‘क्षमा’ देऊनच तपासा.

गोमध्ये बाइट मोजले जातात ते विचारपूर्वक. यूटीएफ-८ ही रचनाच केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केली आणि पुढे गो घडवणाऱ्या तिघांतही हे दोघे होते. स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही नुसते बाइट, आणि ‘रेंज’ने फिरलात की एकेक खूण हातात, असा सरळ करार आहे. पीएचपीची कथा वेगळी. यूनिकोड मुळातच भाषेत आणायचा म्हणून पीएचपी ६ हाती घेतलं होतं, ते २०१० मध्ये सोडून दिलं आणि २०१५ मध्ये पाचानंतर थेट सातवी आवृत्ती आली. म्हणून तिथे आजही साधी (बाइट मोजणारी), ‘एमबी’वाली (खुणा मोजणारी) आणि ‘ग्राफीम’वाली (अक्षरं मोजणारी) अशी तीन प्रकारची फंक्शनं आहेत. कुठे कोणतं वापरायचं हे लिहिणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं.

हे सगळं शीर्षक कापताना अंगावर येतं. बाइटांवर कापलं तर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन. खुणांवर कापलं तर ‘क्षमा’चं ‘क्षम’ होतं, आणि तोही खरा शब्द असल्यामुळे चूक कुणाच्या नजरेलाच येत नाही. चारही रूपांतून मी कापण्याचं काम काढून टाकलं आहे. पूर्ण शीर्षक पाठवायचं आणि लांबलेलं झाकायचं काम पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो’वर सोपवायचं.

खरी कसोटी क्रमवारीची. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. यूनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मधे बसला आहे, कारण ती मांडणी इस्की या १९८८ च्या भारतीय मानकावरून घेतली आहे. त्यामुळे भाषेचं साधं सॉर्ट लावलं की ‘काळोख’ आधी येतो आणि ‘कावळा’ नंतर. सूची कागदावर छापली तर कोणताही ग्रंथपाल हे खपवून घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

उपाय आयसीयू या यूनिकोडच्या तयार लायब्ररीत आहे. तिच्या मराठी नियमात ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम आहे. नोडसोबत ती आपोआपच येते, २०१९ च्या तेराव्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांसकट. क्रम लावणाऱ्या ‘इंटल कोलेटर’ला मराठीचा कोड दिला की काम झालं, ब्राउझरमध्येही तेच. या बाबतीत जावास्क्रिप्ट निर्विवाद पुढे. पीएचपीत ‘कोलेटर’ आहे, पण इंटल एक्स्टेन्शन चालू लागतं, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर ते असेलच असं नाही. पायथनला पायआयसीयू वेगळं बसवावं लागतं. गोची सोय मूळ लायब्ररीबाहेरच्या ‘एक्स/टेक्स्ट’ पॅकेजात आहे.

पण क्रमवारी भाषेत करायचीच कशाला? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयूचे नियम डेटाबेसच पाळू शकतो. स्तंभाला ‘एमआर-एक्स-आयसीयू’ कोलेशन (क्रमवारीचा नियम) दिलं की इंडेक्सही (डेटाबेसची आतली शोधयादी) मराठी क्रमाने बनतो. सर्व्हरवरचं आयसीयू बदललं तर इंडेक्स पुन्हा बांधायला मात्र विसरू नका.

इथे माझं माप जँगोकडे झुकलं. ३.२ आवृत्तीपासून मॉडेलमधल्या फील्डलाच हे कोलेशन सांगता येतं. शिवाय नोंदी भरायची तयार पानं देणारं अ‍ॅडमिन. जँगो जन्मला कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. नोंदी भरणारा माणूस प्रोग्रॅमर नसतो, ही जाण त्या अ‍ॅडमिनमध्ये पदोपदी दिसते. माझ्या घरी अनुक्रमणिका आई टंकते. लेखकाचं नाव दोन अक्षरांवर समोर येणं, त्याच पानावर अंकाचे सगळे लेख एकाखाली एक भरता येणं, हे बाकी तिन्हीकडे हाताने बांधावं लागलं आणि तरी तितकं नेटकं झालं नाही.

सर्व्हरवर चढवण्यात गो सगळ्यात सुखाचा: टेम्प्लेट (पानांचे साचे) पोटात घेतलेली एकच फाइल, कॉपी केली की चालू. पीएचपीही जवळपास तितकंच सोपं.

भाषा कोणतीही घ्या, एक गोष्ट नोंद साठवतानाच करा. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कीबोर्ड ऱ ही स्वतंत्र खूण देतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. वेगवेगळ्या तऱ्हेने टंकलेलं अक्षर एका रूपात आणणारं एनएफसी नॉर्मलायझेशन नुक्ता (खालचं टिंब) लावलेल्या र चा ऱ करतं, पण ही जोडखूण तशीच ठेवतं. ती बदलायची ओळ स्वतः लिहावी लागते. आईचा फोन आणि माझा लॅपटॉप यांच्या नोंदी त्या ओळीनंतरच एकमेकींना सापडू लागल्या.

आता काम अडलं आहे ते शोधावर. पोस्टग्रेसच्या तयार शब्दशोधात हिंदी, नेपाळी आणि तमिळ आहेत, मराठी नाही. ‘पाऊस’ शोधला की ‘पावसाच्या’ही मिळायला हवं. मी प्रत्ययांची यादी करून शेवट छाटतो आहे. ‘च्या’, ‘ला’, ‘त’ सुटतात, पण ‘पावसा’वरून ‘पाऊस’ गाठायला सामान्यरूपांचे नियम लागतात. कुणी असा तक्ता आधीच केला असेल तर नक्की कळवा, मी माझी प्रत्ययांची यादी देतो.