६१ दिवसांतली दुपार

१ एप्रिलला ठरवलं तेव्हा नियम दोनच होते. रोज एक फोटो ठेवायचा, आणि त्या दिवसाचे बाकीचे झोपण्याआधी पुसून टाकायचे. एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस. मोठा कॅमेरा वगैरे काही नाही, कोपऱ्याला तडा गेलेला माझा मोबाइल.

वीस दिवसांनी सगळे फोटो ओळीने पाहिले. बहाव्याची पिवळी झुंबरं, सकाळी सातची. टेकडीवरून दिसणारा सूर्यास्त. एक असता तर चाललं असतं, चार निघाले. कुरडयांचा दिवस आहे, पण तोही पहाटेचा. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून काढलेला चीक सासूबाई उजाडायच्या आत शिजवायला घेतात, कारण ऊन चढायच्या आधी सोऱ्या रिकामा व्हायला हवा. फोटोत आहे ते वाफाळणारं पातेलं आणि दूध-साखर घालून चीक खाणारा माझा मुलगा. पुढे दिवसभर त्या कुरडया गच्चीवर वाळल्या, उलटल्या गेल्या, कावळ्यांपासून राखल्या गेल्या. त्यातलं काहीच नाही. वीसपैकी एकही फोटो दुपारचा नव्हता. पुण्यात उन्हाळ्याबद्दल आपण जेवढं कुरकुरतो ते सगळं दुपारबद्दल असतं, आणि माझ्या उन्हाळ्यात तीच गायब.

कारण सरळ आहे. दुपारी फोटो काढू नयेत असं कुणीही सांगतं. ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो, पांढरा सदरा नुसता कोरा कागद दिसतो. मोबाइल तर इतका तापतो की स्वतःच स्क्रीन काळी करून रुसून बसतो. (आणि खरं कारण सांगायचं तर त्या वेळी मी पंख्याखाली आडवी असते.)

मग तिसरा नियम केला. इथून पुढे फोटो बारा ते चारमधलाच.

शाळेला सुट्टी लागल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला मी आणि मुलगा मावशीकडे निघालो, दापोलीजवळच्या मुरूडला. एसटीत मला अर्धं तिकीट, त्यालाही अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक माणूस. ताम्हिणी उतरेपर्यंत वारा होता. माणगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि वारा पडला होता. शेडच्या सावलीची एकच पट्टी फरशीवर होती, जेमतेम हातभर रुंद, आणि त्या पट्टीत पंधरा-वीस माणसं, दोन कुत्री आणि एक आंब्याची पेटी रांगेत उभी होती. पट्टीबाहेर कुणी नाही. मनासारखा पहिला दुपारचा फोटो तिथे मिळाला. खिडकीतून घेतल्यामुळे काचेवरचा कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डागही आलाय, तो राहू दिला.

याच मुरूडमधून महर्षी कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. मुलाला हे सांगितलं, तेव्हा तो अंगणातून विहिरीपर्यंत अनवाणी जाऊन पाय चटकल्यामुळे उड्या मारत परत येत होता. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मावशीकडे मे महिन्यातली दुपार म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. सकाळी फोडून बिया आणि गर वेगळा केलेला असतो, सालं रसात बुडवून उन्हात टाकायची. सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी जितकी पुटं द्यावीत तितकं आमसूल काळं आणि आंबट. ऊन जितकं निर्दय तितका माल चांगला, म्हणून मावशी अडीच वाजता डोक्यावर ओला पंचा टाकून अंगणात सालं परतत असते.

मी मोबाइल वर केला तर म्हणाली, "अगो, माझा काय काढतेस, आमसुलांचा काढ. मी काय विकायला काढल्ये का?"

ते काम आटोपून ती ओटीवर येऊन बसली, आणि इथे मला दुपार पहिल्यांदा कळली. उन्हात तिचा चेहरा काळवंडून जात होता. ओटीवर मात्र छपराची सावली, आणि समोरच्या अंगणावर आपटून उलटलेला सगळा उजेड खालून वर येत होता. हनुवटीखाली, नथीच्या भोकाशी, चष्म्याच्या काड्यांवर. डोळ्यांतल्या खोबणींत काळोख औषधालाही नाही. संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं एवढं कौतुक करतात, पण असा खालून येणारा उजेड मला दुसऱ्या कुठल्या वेळी मिळाला नव्हता. तिने नको म्हणायच्या आत एक काढला. दाखवल्यावर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगदी आई दिसत्ये की गो मी." मग उठून पन्हं करायला गेली.

हर्णैला नियमाची अडचण झाली. मासळीचा मोठा लिलाव चार वाजल्यानंतर रंगतो. आम्ही साडेतीनलाच बंदरावर पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याजवळ नांगरलेल्या होड्या, आणि पाण्यात पार पोटापर्यंत उतरलेले बैल. मासळी होडीतून बैलगाडीत आणि बैलगाडीतून वाळूवर. टोपलीमागे बसलेल्या एका बाईंनी माझा हात हवेतच थांबवला. "फोटो काय काढतेस गो, मावरं घे." घेतलं. हलवा माशाचे भाव विचारून बांगडे घेतले, हेही कबूल करते. मग त्यांनी स्वतःहून पदर सारखा केला, पण तोवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या दिवसाचा फोटो म्हणून पाण्यातला बैलच आहे.

त्यांच्याकडूनच आठवण झाली की १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. मोजलं तर तेही ६१ दिवस. माझे संपणार त्याच्या दुसऱ्या दिवसापासून यांचे सुरू.

१२ मेला घरी परत. घरी आल्यावर पुन्हा तीच गत, काय काढायचं? पण मे महिन्यात पुण्याला एक दुपार फुकटची मिळते. १३-१४ तारखेच्या सुमारास साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. रत्नागिरीला हे आपल्या काही दिवस आधी होतं, मुंबईला आपल्यानंतर. जुलैअखेर पुन्हा एकदा होतं, पण तेव्हा ढगांत दिसतंय कुणाला. गच्चीवर मुलाने पितळी पेला, रॉकेलची जुनी चिमणी आणि स्वतःचा क्रिकेटचा स्टंप ओळीने मांडला. १२ वाजून ३१ मिनिटांनी तिन्ही वस्तू जमिनीवर चिकटवल्यासारख्या, बिनसावलीच्या. फोटो मात्र खोटा वाटतो. ज्याला दाखवला तो विचारतो, सावली पुसलीस का?

मेच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचे गहू उन्हात टाकले होते. जुन्या चादरींवर अख्खी गच्ची भरलेली. त्या दिवशी काही सुचत नव्हतं म्हणून साडेतीनला मी गव्हाचाच फोटो काढायला वर गेले, आणि सिंहगडाच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन आलं. वारा सुटला, धूळ उठली. सासूबाई खालून ओरडत आल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस, टोकं धर!" चादरींची टोकं गोळा करत, मुलगा गव्हावरून घसरत, पहिले टपोरे थेंब पाठीवर घेत आम्ही सगळं जिन्यात ओढलं. अर्धं पोतं तरी ओलं झालं असेल.

रात्री पुसायला बसले तेव्हा कळलं, धावपळीत बोट लागून मोबाइलने एक फोटो आपणच काढला होता. हललेला, तिरका. चादरीचा कोपरा, विखुरलेले दाणे, आणि एक पाय.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला. "हा माझा का?"

"हो."

"भेगा केवढ्या दिसतायत," म्हणाल्या, आणि कोकमाच्या तेलाचा जो गोळा मावशीने दिला होता तो कुठे ठेवलाय, असं विचारलं.