७६,००० पॉइंट्स, सहा रात्री आणि चाओ फ्रायाचा काठ

कार्डावरच्या खर्चातून आणि हॉटेलांतल्या मुक्कामांतून पॉइंट्स जमवायचे आणि त्यांवर हॉटेलात फुकट राहायचं, हा माझा छंद. खात्यात आता ५०० पॉइंट्स उरलेत. जून २०२२ मध्ये शून्यावरून सुरुवात केली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये आकडा ७६,००० वर पोचला आणि १० ते १६ नोव्हेंबर २०२४ अशा सहा रात्री मी आणि आई बँकॉकला चाओ फ्राया नदीकाठी राहून आलो. हॉटेल रॉयल ऑर्किड शेरेटन, मॅरियट बॉनव्हॉय या हॉटेलांच्या सदस्य योजनेतलं. खोलीभाडं एक रुपयाही नाही. इथवरची जमवाजमव मागच्या नोंदींत आली आहे, म्हणून आज शेवटचा हिशेब आणि प्रत्यक्ष राहणं.

हेच हॉटेल का, ते आधी सांगते, कारण आमच्या निपाणीच्या मैत्रिणीनं दोनदा विचारलंय. आईचं माहेर चिकोडी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. लग्न होऊन बेळगावात आली आणि नदी सुटली. आमच्या शहरात किल्ल्याचं तळं आहे, पण दारासमोरून वाहणारी नदी नाही. "एकदा तरी खिडकीतनं नदी दिसंल अशा ठिकाणी राहायचं गं," हे ती अधूनमधून म्हणायची. आता पॉइंट्सवर मिळते ती सगळ्यात साधी खोली, आणि नदीकाठच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत साध्या खोल्या रस्त्याच्या बाजूला असतात. नदी हवी असेल तर वर पैसे भरा, नाहीतर सदस्य म्हणून वरचा दर्जा असला तर अपग्रेडची, म्हणजे फुकटात चांगली खोली मिळण्याची, वाट बघा. माझ्याकडं दर्जा सिल्व्हर, म्हणजे खालचाच, तोही मॅरियटच्या कार्डाबरोबर आलेला. त्यावर अपग्रेडची आशा धरण्यात अर्थ नाही. रॉयल ऑर्किडच्या इमारतीला पंख असे काढलेत की ७२६ च्या ७२६ खोल्यांतून नदी दिसते. हे कळलं त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर हॉटेलचं नाव लिहिलं, आणि नंतर एकही पॉइंट दुसरीकडं जाऊ दिला नाही. आपल्या छंदात मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी हॉटेल ठरवायचं, मग कार्ड.

आता जमा बाजू. अमेक्सच्या (अमेरिकन एक्स्प्रेसच्या) मेंबरशिप रिवॉर्ड्स क्रेडिट कार्डावर महिन्यात १,५०० रुपयांचे ४ व्यवहार केले की १,००० पॉइंट्स, आणि महिन्याचा खर्च २०,००० झाला की आणखी १,०००. मी बदलून घेतले तेव्हा ते मॅरियटमध्ये एकास एक गेले. घरचा किराणा, आईची औषधं, भावाच्या घरचं सामान, वहिनीची दिवाळीची खरेदी, सगळं माझ्या कार्डावर आणि त्यांचे पैसे माझ्या खात्यावर. यातून २७ महिन्यांत ६३,५०० आले. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड डिसेंबर २०२३ मध्ये घेतलं, त्यावर इतर खर्चाला १५० रुपयांना २ पॉइंट्स मिळतात. त्याचे ४,३००. उरलेले ८,२०० मुक्कामांचे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी हिशेब बघते, ऑडिटच्या कामाला पुण्या-बेंगळूरला जावं लागतं. तिथं ज्या हॉटेलात उतरायचं तिथं सदस्य क्रमांक न चुकता द्यायचा, एवढंच.

एक महिना हातचा गेला तो लिहून ठेवते. मार्च २०२३ मध्ये चौथा व्यवहार ३१ तारखेला रात्री केला आणि तो एप्रिलमध्ये मोजला गेला. १,००० पॉइंट्स गेले. चूक माझीच होती. तेव्हापासून चारही व्यवहार २० तारखेच्या आत संपवते. तुम्हीही महिन्याची अखेर गाठू नका, खरंच सांगते.

आता खर्चाची बाजू, आणि यात मन लावून बसण्यासारखं बरंच आहे. मॅरियटमध्ये २०२२ पासून ठरावीक दरपत्रक राहिलेलं नाही, रात्रीगणिक पॉइंट्स वेगळे लागतात. पण सलग पाच रात्री एकाच बुकिंगमध्ये पॉइंट्सवर घेतल्या तर त्यातली सगळ्यात स्वस्त रात्र फुकट. शिवाय माझ्याकडं मॅरियट कार्डाची फ्री नाइट, म्हणजे एका फुकट रात्रीचं सर्टिफिकेट, होती, १५,००० पॉइंट्सपर्यंतच्या खोलीसाठी, मुदत डिसेंबरात संपणारी. तिच्यावर तेव्हा आपले १५,००० पर्यंत पॉइंट्स घालता येत होते, म्हणजे ३०,००० पर्यंतची खोली तिच्यात बसत होती.

तारखा आईनं ठरवल्या. १५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा, आणि त्याच रात्री थायलंडात लॉय क्राथोंग. लोक नदीत दिवे सोडतात. "मग त्या दिवशी तिथंच असायला पाहिजे की," एवढंच म्हणाली. त्या एका रात्रीला २५,००० पॉइंट्स! बाकीच्या रात्री १५,५००, १५,५००, १७,०००, १७,००० आणि १६,०००. पौर्णिमेची रात्र पाच रात्रींच्या बुकिंगमध्ये घातली असती तर तिचे पूर्ण २५,००० खिशातून गेले असते, कारण फुकट मिळते ती स्वस्तातली. म्हणून १० ते १४ या पाच रात्री एका बुकिंगमध्ये घेतल्या. बेरीज ८१,०००, त्यातून १५,५०० वजा, लागले ६५,५००. आणि १५ तारखेची रात्र वेगळ्या बुकिंगमध्ये, फ्री नाइट अधिक माझे १०,०००. एकूण ७५,५००. जी रात्र सगळ्यात महाग, तिच्यावर सर्टिफिकेट लावायचं आणि ती मुक्कामाच्या टोकाला येईल अशी आखणी करायची. हे गणित जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी आईला उठवून दाखवलं.

त्याच सहा रात्रींचे रोख दर मी त्या दिवशी उतरवून घेतले होते, करांसह साधारण ७१,००० रुपये. मॅरियट कार्डाची फी ३,००० आणि जीएसटी मिळून ३,५४०, ती वजा केली तर एका पॉइंटला ८९ पैसे पडतात. यापेक्षा जास्त काढणारे आपल्यात आहेत, मला ठाऊक आहे. मला हा भाव पूर्ण मान्य आहे.

जाणं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरपर्यंत, पुढं विमान. तिकिटं रोखीनं काढली. भारतीयांना तेव्हा थायलंडात व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येत होतं, ती कटकट नव्हती. आईनं स्टीलच्या डब्यात मांडे घेतले होते, अर्धे वाटेतच मोडले. मोडलेले आम्ही दोघींनी पहिल्या रात्री खिडकीत बसून खाल्ले.

काउंटरवर पहिलं काम एकच केलं. दोन्ही बुकिंगचे क्रमांक पुढं ठेवले आणि सहाही रात्री एकच खोली द्या म्हणून सांगितलं. तिथल्या मुलीनं दोन्ही जोडून दिले. हे आल्या आल्याच सांगायचं, नाहीतर सहाव्या दिवशी बॅग भरून खाली यावं लागतं. अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवली, ती नंतर सुटली. सिल्व्हरला फुकट नाश्ता नाही. तो बाहेर केला.

खोली सतराव्या मजल्यावर. पडदा ओढला आणि समोर ती पसरलेली. तपकिरी, जड, आमच्या कृष्णेच्या श्रावणातल्या पाण्याच्या रंगाची. पलीकडच्या काठावर आयकॉनसियाम मॉलचे दिवे, मधून वाळूचे पडाव ओढत नेणाऱ्या छोट्या बोटी. आई खुर्ची ओढून बसली ती जेवायलाही उठेना.

तिसऱ्या दिवशी मला तिनं हाक मारली. "अगं, हे बघ, ही उलटी चाललीय!" पाण्यावरनं जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत जातात तिथं, सकाळी ते उजवीकडनं डावीकडं निघाले होते. दुपारी एक मोठा पुंजका मध्येच थबकला, जागच्या जागी सावकाश फिरला आणि वर सरकायला लागला. मी खाली जाऊन विचारलं. समुद्र इथून फार लांब नाही, भरती आली की नदी मागं रेटली जाते. आईनं महापुरात कृष्णा चढताना पाहिली आहे, पण नदी माघारी फिरताना नाही. पुढचे दोन दिवस ती पुंजक्यांवरून भरती-ओहोटी सांगायची, आणि बरोबर सांगायची.

फिरणं थोडक्यात. हॉटेलची बोट साथोर्न धक्क्याला सोडते, तिथं स्कायट्रेन. सीलोमजवळच्या मारिअम्मनच्या देवळात आईला घरच्यासारखं वाटलं, दक्षिणी पद्धतीचं गोपुर आणि दारात झेंडूच्या माळा. शाकाहारी जेवणासाठी फाहुरात ही भारतीय वस्ती, तिथल्या गुरुद्वारात लंगर. बोटीत हुबळीचं एक जोडपं भेटलं, आई त्यांच्याशी कन्नडात अर्धा तास बोलली. हॉटेलच्या अगदी शेजारी पोर्तुगीज वकिलात आहे, जागा १८२० पासूनची. गोवा आपल्यापासून दोन-तीन तासांवर, त्यामुळं ती पाटी वाचताना मी जरा थांबलेच.

१५ तारखेची संध्याकाळ. धक्क्याजवळ बायका क्राथोंग विकत होत्या. केळीच्या खांबाची चार बोटं जाड चकती, कडेनं केळीच्या पानांच्या दुमडलेल्या पाकळ्या टाचलेल्या, मध्ये फुलं, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या. आईनं चकती उलटी करून देठ तपासला, पाकळ्या काट्यानं टाचल्यात की टाचणीनं ते बघितलं, आणि टाचणीवाला परत ठेवला. विकणारीनं हसून दुसरा दिला. हा दिवा ज्या देवतेसाठी सोडतात तिला ते माए खोंगखा म्हणतात, म्हणजे गंगामाईच. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आपलीच की." कार्तिकात माहेरी द्रोणात वात लावून कृष्णेत सोडायचे, तेच शब्द पुटपुटत तिनं क्राथोंग पाण्यावर ठेवला. बोटींच्या लाटेनं तो एकदा काठाला परत आला. तिनं वाकून हातानं पाणी ढकललं, दोनदा, तिसऱ्यांदा तो निघाला.

वर येऊन दिवे बंद केले आणि खिडकीतून बघत बसलो. सतराव्या मजल्यावरून आपला कुठला ते कळत नाही, पण नदीभर होते.

पुढची नोंद अशी. डिसेंबरात कार्डाची फी भरली की नवी फ्री नाइट येईल. २४ महिने काहीच हालचाल नसली तर पॉइंट्स बाद होतात, म्हणून हे ५०० खेळते ठेवणार. हॉटेल अजून ठरलेलं नाही. नोव्हेंबरचे चारही व्यवहार मात्र गाडीत बसायच्या आधीच, ८ तारखेला पुरे करून गेले होते.