सिंहावलोकन करतात, घेत नाहीत

आठवणी बाकीचे लिहितीलच. मुद्रितशोधन हा माझा पेशा, तेव्हा शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात हमखास येणाऱ्या ‘सिंहावलोकन’ या शब्दाबद्दल लिहितो.

मराठीच्या तासाला तो फळ्यावर फोडला जायचा: सिंह अधिक अवलोकन, अ आणि अ मिळून आ, षष्ठी तत्पुरुष. गुण मिळवायला एवढे पुरे, पण ही षष्ठी फसवी आहे. इथे सिंहाकडे कोणी पाहत नाही, पाहणारा सिंहच. चार पावले पुढे जायचे, थांबून मान वळवायची, आलेली वाट न्याहाळायची आणि पुन्हा चालू लागायचे, अशी त्याची चाल जुन्यांनी कल्पिली. सूत्र समजावताना वैयाकरण हीच उपमा वापरत. मागच्या सूत्रातला शब्द पुढे सलग वाहत आला तर गंगाप्रवाह, मधली सूत्रे ओलांडून आला तर मंडूकप्लुती, म्हणजे बेडूकउडी. आणि तिसरे हे सिंहावलोकित. कौटिल्याच्या 32 तंत्रयुक्तींत, म्हणजे शास्त्रग्रंथ रचण्याच्या युक्तींत, ‘हे मागे सांगितलेच आहे’ या निर्देशाला अतिक्रान्तावेक्षण असे भारदस्त नाव आहे. हिंदी काव्यशास्त्रात एका चरणाचा शेवटचा शब्द पुढच्या चरणाच्या आरंभी आला की सिंहावलोकन. आपण त्याला दामयमक म्हणतो.

आता मुद्रितात सापडणाऱ्या चुका. ‘सिंव्हावलोकन’ ही कानाची चूक. ह च्या आधीच्या अनुस्वाराचा उच्चार व कडे झुकतो, लिहिताना मात्र नुसता शीर्षबिंदू द्यायचा. ‘सिंहावलोकन घेऊ या’ हे आढाव्याचे क्रियापद इथे चिकटवणे झाले. आढावा घेतात, मागोवाही घेतात, सिंहावलोकन करतात. ‘मागे वळून सिंहावलोकन’ यात मान दोनदा वळते. ‘भावी योजनांचे सिंहावलोकन’ तर होऊच शकत नाही. वरवर, उंचावरून सगळे एकदम दाखवायचे असेल तर विहंगावलोकन म्हणावे. ‘धावते सिंहावलोकन’ मी सरळ खोडतो, कारण सिंह थांबलेला असतो.

शब्द बरोबर असूनही मजकूर चुकतो, ते मला जास्त खुपते. मथळा सिंहावलोकनाचा आणि खाली मुख्याध्यापकांची नावे, इमारतींची वर्षे, देणगीदार! ती यादी झाली. वाट किती चाललो हे दाखवायचे तर एकच गोष्ट ठरावीक अंतराने पाहावी. जनरल रजिस्टर काढून दर दहा वर्षांनी पाचवीत किती मुली दाखल झाल्या एवढेच मांडले, तरी पानभर मजकूर होतो. निकालांचे कोष्टक करताना मात्र जपावे. आपल्याकडे जुनी एसएससी अकरावीला असे, दहावीची पहिली परीक्षा 1975 साली झाली. त्याआधीचे आणि नंतरचे टक्के एका रकान्यात घातले, की रेघ एकदम वर किंवा खाली जाते आणि श्रेय किंवा दोष भलत्याच मुख्याध्यापकांच्या पदरी पडतो. तिथे दोन कोष्टके करावीत आणि मधली जागा कोरी ठेवावी.