टाकीखालचा वॉल

नेमका नळ यायचा दिवस होता. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो, त्यामुळं त्या दिवशी घरातलं कुणी गावाला जात नाही, लग्न असलं तरी एक माणूस मागं ठेवून जातात. टाकी काठोकाठ भरली, चहाचा कप तोंडाला लावला आणि तेवढ्यात बाथरूममधी गिझरची नळी फुटली. पळत गच्चीवर गेलो, टाकीखालचा वॉल फिरवला तर दांडी टचकन मोडून हातात. लाल दांडी होती ती, लातूरचं ऊन खाऊन खाऊन गुलाबी पडलेली. वॉल तसाच उघडा.

खाली आईनं बादल्या लावल्या, घागरी लावल्या, शेवटी पुरणाचं पातेलं पण लावलं आणि वरून ओरडणं चालूच, "सोळा साली रेल्वेनं पाणी आलतं रे, आन तू मोरीत सोडूलालास!" खरंच आहे, एप्रिल 2016 मधी मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होतं, आणि इथं माझी हजार लिटरची टाकी एका दांडीपायी चालली होती. मग काय, झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जुन्या बनियनचा बोळा पाईपाच्या तोंडात कोंबला. (बनियन धुतलेलं होतं.)

प्लंबर आला सांजच्याला. सोल्युशननं चिकटवलेला वॉल, आट्या नाहीत काही नाहीत, त्यामुळं पाईप करवतीनं कापूनच काढावा लागला. वॉलच्या आतला, दांडीनं फिरून पाणी अडवणारा गोळा बघितला तर क्षाराचा पांढरा थर नुसता, चुना लावल्यासारखा. म्हणला, "सर, बोअरचं पाणी मिसळताव ना? वरसभर हात लावला नसंल तुम्ही. गोळा जाम होतंय, मग जोर लावला की दांडीच जाती."

आता पितळी बसवलाय. महाग पडला, पण हातात घेतल्यावर वजनावरूनच बरं वाटलं. दोन्ही बाजूला युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, टाकून घेतले म्हणजे पुढच्या वेळी करवत नको, नुसता पाना बास. मी आपला शहाणपणा म्हणून टेप गुंडाळून आट्या अजून पिळायला गेलो तर त्यानं हात धरला, पितळ जास्त पिळलं की प्लास्टिकचं सॉकेट चिरतंय म्हणे. वॉल जड असतो म्हणून खाली एक क्लॅम्पही मारला. सोल्युशन वाळायला रात्र जाऊ द्या म्हणला, म्हणून त्या रात्री पुरणाच्या पातेल्यातलंच पाणी वापरलं.

जाताना सांगून गेला, महिन्याला एकदा उघडझाप करत जावा. म्हणून मी आता दर महिन्याला गच्चीवर जाऊन वॉल बंद करतो, उघडतो. गेल्या खेपेला बंद केला आणि शेजारी पतंगाचं विचारायला आले, त्यांच्याशी बोलत बोलत खाली आलो. सकाळी बायको तोंडाला साबण लावून बाथरूममधनं हाका मारायलीय आणि मी पायऱ्या दोन-दोन चढायलोय.