तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र फुटलं की नवीन कार्ड घ्यायचं का?

लग्नसराई सुरू झाली की हा प्रश्न मला हमखास येतो. 'दादा, क्लिप चालवली की मध्येच हिरवी होते.' 'प्रीव्ह्यू काळा पडतो, आवाज मात्र येतो.' 'चित्र पट्टे मारतंय.' आणि त्याला जोडून शेवटी: 'नवीन ग्राफिक कार्ड टाकू का?' विचारणारे बहुतेक नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरीकडचे तरुण एडिटर. यांतले कितीतरी जण शूटही स्वतः करतात, एडिटही स्वतः आणि अल्बमही स्वतःच लावतात. कार्ड हप्त्यावर घेतलं तर अख्ख्या सीझनची शिल्लक त्यात जाते. म्हणून याचं उत्तर घाईत द्यावंसं वाटत नाही.

कार्ड, सॉफ्टवेअर, विंडोज यांतल्या कशालाही हात लावण्याआधी चित्र नेमकं कुठे बिघडतंय ते शोधा. बिघाड मुळात फाइलमध्ये असेल, फाइल उलगडताना होत असेल, इफेक्ट लावताना होत असेल, नाहीतर मॉनिटरवर. डोळ्यांना चारही सारखेच दिसतात, पण एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

शोधायचं कसं? समजा, अंतरपाट बाजूला होतो त्या क्षणी चित्र फुटलं. तिथे थांबा. बाणाच्या कीने एकेक फ्रेम मागे जा, पुन्हा पुढे या. दरवेळी त्याच फ्रेमवर, त्याच जागी, तसाच डाग दिसला तर संशय फाइलवर. एकदा दिसला, परत आल्यावर गायब झाला किंवा जागा बदलून आला, तर फाइल बहुधा धडधाकट आहे आणि गडबड ती दाखवणाऱ्या यंत्रणेत आहे. मग तेवढे दहा सेकंद एक्सपोर्ट करून पाहा. एक्सपोर्ट स्वच्छ आला तर निम्मी काळजी तिथेच मिटते, कारण कामाला धक्का लागलेला नाही, फक्त प्रीव्ह्यू खोटं दाखवतोय.

डाग त्याच जागी असेल तर मूळ मेमरी कार्डवरची फाइल कॅमेऱ्यातच लावून बघा. तिथे साफ दिसली तर कॉपी करताना घोळ झालाय, पुन्हा कॉपी करा. यासाठीच सांगतो, डिलिव्हरी होईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. सप्तपदी दुसऱ्यांदा शूट करता येत नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी अर्धी फ्रेम पांढरी पडते, ही तक्रार फार येते. तो बिघाड नाहीच. आपल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. वाचन अर्ध्यावर असताना शेजारच्या फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की उरलेल्या ओळींवरच प्रकाश येतो. कार्यालयातल्या एलईडी वॉलवर सरकणारे काळे पट्टेही त्याच जातीचे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात आणि शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की सहसा निभावतं. वॉलची चाल मात्र तिची स्वतःची असते. शूट सुरू होण्याआधी शटर थोडं इकडेतिकडे करून पाहणं एवढंच हातात आहे. ते पट्टे रेकॉर्ड झाले की कुठलंही नवं ग्राफिक कार्ड ते पुसणार नाही.

आता हिरव्या रंगाचं. लाल किंवा निळा सोडून हिरवाच का? व्हिडिओ फाइलमध्ये लाल-हिरवा-निळा असा हिशेब नसतो. उजेड वेगळा आणि रंगाचे दोन आकडे वेगळे साठवलेले असतात. 8 बिटच्या फाइलमध्ये रंगाच्या आकड्यांचा मध्य 128, म्हणजे तिथे रंग नाही, नुसता करडा. डेटा पोचलाच नाही आणि सगळीकडे शून्य भरलं गेलं, तर त्या शून्यांचं गणित हिरवं निघतं. म्हणजे हिरवी फ्रेम दिसली की समजा, डिकोडरला, म्हणजे फाइल उलगडणाऱ्या भागाला, त्या जागी काही मिळालेलं नाही. फाइल ठीक असेल तर संशय डिकोडर आणि ड्रायव्हरवर (ग्राफिक कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) घ्या. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगचा (फाइल उलगडायचं काम चिपवर सोपवण्याचा) टिक आहे तो काढा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. हिरवं गेलं तर गुन्हेगार सापडला. मग ड्रायव्हर बदला. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमसाठीचा सोडून स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, तोही जुना पूर्ण काढून. व्हीएलसी प्लेअरमध्ये तपासताना एक ध्यानात ठेवा, तोही हार्डवेअर डिकोडर वापरू शकतो. तिथेही हिरवं दिसलं तर त्याचं हार्डवेअर डिकोडिंग बंद करून परत बघा, मगच फाइलला दोष द्या.

चौकोनी ठिगळं पसरत जातात आणि एकदम चित्र साफ होतं, याचंही कारण आहे. 2003 सालचा एच.264 आणि 2013 सालचा एचईव्हीसी हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, कमी जागेत चित्र साठवायला आणि पोचवायला बनले, कापाकापीसाठी नव्हे. त्यांत पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. एक नोंद बिघडली की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चूक पुढे पुढे जाते. अडकत अडकत चालण्याचं कारणही इथेच आहे. टाईमलाइनवर कुठेही क्लिक केलंत की ती एक फ्रेम दाखवायला मशीनला आसपासच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. म्हणून प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती बनवलेली हलकी नक्कल. रात्री झोपताना प्रॉक्सीला लावा, सकाळी जुना लॅपटॉपही चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम सुखाने ओढतो. ज्यांना मी हे करायला लावलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी कार्डाचा विषय पुन्हा काढला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

इफेक्ट लावलेल्या भागातच चित्र फुटत असेल तर रेंडररमध्ये कूडाऐवजी (इफेक्टचं काम एनव्हिडियाच्या कार्डावर करण्याऐवजी) सॉफ्टवेअर ओन्ली निवडून तीच जागा चालवा. हळू चालेल, पण स्वच्छ चालली तर गडबड ग्राफिक कार्डावरच्या प्रक्रियेत आहे हे ठरलं. आणि टाईमलाइनच्या वरची पट्टी जिथे हिरवी आहे, म्हणजे जो भाग आधीच रेंडर झालाय, तेवढ्याच भागात दोष असेल तर जुनी रेंडर फाइल खराब झाली असणार. ती डिलीट करून पुन्हा रेंडर करा. मीडिया कॅशही (प्रोग्रॅमने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) रिकामी करा.

सकाळी नीट चालतं आणि दुपारी फ्रेम गळतात, असं एप्रिल-मे महिन्यांत होत असेल तर आधी पंखा आणि धूळ बघा. तापलं की मशीन स्वतःच वेग कमी करतं.

कधी फाइल, कोडेक, कार्ड सगळं ठीक असतं आणि तरी पॅन शॉट बारीक झटके देतो. टाईमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची, मॉनिटर 60 हर्ट्झचा. 60 ला 25 ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा दिसते, दुसरी तीनदा. मॉनिटर 50 किंवा 75 वर चालत असेल तर तिथे लावा, झटके जातील. जुन्या लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेटवर हालचालीच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात त्या इंटरलेसच्या, म्हणजे एकाआड एक ओळींचे दोन भाग करून साठवलेल्या चित्राच्या. तिथे फील्ड ऑर्डर (कुठल्या ओळी आधी) लोअर आहे का तपासा आणि डीइंटरलेस करा. करवल्यांनी आयफोनवर काढलेलं फुटेज पांढरंफटक दिसतं ते एचडीआरमुळे, म्हणजे उजेडाचा पल्ला जास्त ठेवणाऱ्या रेकॉर्डिंगमुळे. क्लिपची कलर स्पेस नीट ओळखून ती रेक.709 या नेहमीच्या व्हिडिओ रंगपद्धतीत आणली की रंग जागेवर येतात. मोबाइलवर फ्रेम रेटही सतत हलता असतो, आवाज आणि ओठ जुळेनासे झाले की आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेट करून घ्या.

एवढं करूनही अडलंच, तर कार्डाचं बोलू. आधी तुमचा कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते बघा. 10 बिट 4:2:2 (रंगाची जास्त बारीक नोंद ठेवणारं रेकॉर्डिंग) असेल तर एनव्हिडियाच्या 40 मालिकेपर्यंतची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, कितीही महाग घ्या. 2025 मध्ये आलेल्या 50 मालिकेपासून ती सोय आहे. पण इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स एचईव्हीसीचं 10 बिट 4:2:2 आधीपासूनच उलगडतं, फक्त प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नको, कारण एफवाल्यात ते ग्राफिक्सच नसतं. वेगळं कार्ड बसवलं की अनेक मदरबोर्डवर आतलं ग्राफिक्स बंद होतं. ते बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका, आणि मग तीच अडलेली क्लिप पुन्हा चालवून बघा. दुकानात जायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.