मुंग्यांच्या पेट्या, सोलापूर: ♂ ♀ ☿ खुणांचं काम कुठवर आलं

एप्रिलपासून जुन्या चार पेट्यांच्या चिठ्ठ्या नव्याने करणं चालू आहे. पेट्यांत डोंगळे, लाल मुंग्या, मोठ्या डोक्याच्या मुंग्या आहेत, पावसाळ्यात दिव्याखाली सापडलेले पंखवाले नमुने आहेत, शिवाय कुप्यांमध्ये थोडी वाळवी. ठिकाण आणि तारखेच्या चिठ्ठ्या बहुतेक ठीक निघाल्या. घोळ नर, मादी, कामकरी दाखवणाऱ्या खुणांत होता. काही खुणा हाताने काढताना बिघडल्या होत्या, काही छपाईत. पण बऱ्याच मुळातच चुकीच्या ठरवलेल्या होत्या, आणि त्या शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

नव्याने संग्रह करणाऱ्यांसाठी आधी खुणांविषयी. ♂ मंगळ, ♀ शुक्र, ☿ बुध आणि ♃ गुरू ही ग्रहांची जुनी चिन्हं. किमयागार पहिल्या तिन्ही लोखंड, तांबं आणि पारा यांच्यासाठी वापरायचे. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ मध्ये संकरित वनस्पतींवरच्या प्रबंधात ♂ आणि ♀ नर-मादीसाठी वापरल्या आणि पुढे त्या रूढ झाल्या. वनस्पतीशास्त्रात बुधाची खूण उभयलिंगी फुलाची. मुंग्या-मधमाश्यांच्या अभ्यासकांनी तीच कामकऱ्यासाठी घेतली, आणि मुंग्यांच्या जुन्या वर्णनांत सैनिकासाठी ♃ येते. आपल्याकडे लक्षात ठेवायला सोपं आहे: पत्रिकेत शुक्र स्त्री ग्रह, मंगळ पुरुष ग्रह, बुध नपुंसक. नेमकी इथेच एक काळजी घ्यायची. कामकरी मुंगी नपुंसक नसते, ती मादीच असते, फक्त तिची प्रजननक्षमता खुरटलेली असते. ☿ हे तिसरं लिंग नव्हे.

म्हणून या फेरीत पहिला बदल नोंदवहीत केला. पूर्वी ‘लिंग’ असा एकच रकाना होता, त्यात नर, मादी, कामकरी, सैनिक सगळं भरलेलं. आता ‘लिंग’ आणि ‘वर्ग’ असे दोन रकाने आहेत. ‘जात’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तो प्रजातीसाठीही वापरला जातो आणि एकाच पानावर दोन अर्थांनी आला की पुढचा माणूस गोंधळतो. डोंगळ्याचा कामकरी असेल तर लिंग मादी, वर्ग कामकरी. वाळवीत हे चालत नाही. वाळवीचे कामकरी आणि सैनिक दोन्ही लिंगांचे असू शकतात, त्यामुळे तिथे लिंगाच्या रकान्यात ‘तपासलं नाही’ एवढंच, आणि कुपीतल्या चिठ्ठीवर ☿ न काढता ‘कामकरी’ हा शब्दच. जुन्या कुप्यांवरच्या ☿ खुणा चुकीच्या नसल्या तरी वाचणाऱ्याला ‘मादी’ असं भासवत होत्या. पंखवाल्या वाळवीचं लिंग मात्र भिंगाखाली कळतं. मादीच्या पोटाखालची सातवी पट्टी मोठी असते आणि तिच्यामागच्या, टोकाकडच्या पट्ट्यांना झाकते, नरात ती इतरांसारखीच दिसते.

नोंदवहीत आखूड अक्षरं बंद केली. मराठीत ती फसवतात: ‘न’ म्हणजे नर की नपुंसक, ‘रा’ म्हणजे राणी की वाळवीचा राजा? चिठ्ठीवर खूण, नोंदवहीत पूर्ण शब्द, हे आता पक्कं.

आता खूण ठरवण्याविषयी. डोंगळ्यापासून सुरुवात करणं बरं, कारण तो मोठा आहे आणि १० पट भिंगातही काम भागतं. प्रथम डोक्याचा माथा पाहायचा. राणीच्या आणि नराच्या माथ्यावर तीन बारीक साधे डोळे त्रिकोणात बसलेले असतात, राळ्याच्या दाण्याहूनही लहान, पण उजेड तिरका धरला की चमकतात. कामकऱ्याच्या माथ्यावर ते नसतात. मग छाती. राणीची छाती फुगीर आणि भरीव, पंख गळले असले तरी मुळाशी खुंट राहतात. कामकऱ्याची छाती अरुंद. नराचं डोकं अंगाच्या मानाने लहान, डोळे मोठे, पोटाच्या टोकाला पकडीसारखे अवयव. शेवटी मिशीची पेरं मोजायची: डोंगळ्याची राणी आणि कामकरी यांची १२, नराची १३.

हाच १२ आणि १३ चा नियम सगळ्या मुंग्यांना लावल्याने आधीच्या फेरीत मोठी चूक झाली होती. गांधीलमाशा आणि मधमाश्यांत तो चांगला चालतो, मुंग्यांत नाही. लाल मुंगीच्या (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) कामकऱ्याची मिशी १० पेरांची, शेवटची दोन पेरं फुगून गदेसारखी झालेली. तिच्या नराची १२. म्हणजे १२ मोजून ♀ लिहिलं की नराची मादी झाली. पेरं मोजण्याआधी मुंगीचा वंश (जीनस) ओळखायचा, हा क्रम सोडायचा नाही.

सैनिकाची खूण कुठे लावायची यावर बरीच चर्चा झाली. मोठ्या डोक्याच्या मुंगीत (फिडोल) दोन आकार स्पष्ट वेगळे असतात, एक लहान कामकरी आणि एक अवाढव्य डोक्याचा सैनिक. तिथे ♃ योग्य. डोंगळ्यात मात्र लहानापासून मोठ्यापर्यंत सलग आकार मिळतात, मधे रेघ ओढता येत नाही. तिथे सगळ्यांना ☿, आणि नोंदवहीत डोक्याची रुंदी मिलिमीटरमध्ये. ‘मोठा’ हा शब्द दोघांच्या नजरेत दोन मापांचा असतो, मोजलेली रुंदी सगळ्यांना सारखीच.

दोन फसवे पाहुणे. माळरानावर लाल-काळी, मऊ केसांची, पंख नसलेली ‘मुंगी’ धावताना दिसते. ती मुंगी नसून मखमली गांधीलमाशी, आणि पंख नसलेली म्हणजे जवळजवळ नेहमी मादी. यांच्यात कामकरी वर्गच नाही, म्हणून ☿ कधीच लावायची नाही. (बोटाने उचलू नका, नांगी जबर असते.) दुसरा डोरायलस या मुंगीचा नर. पावसाळ्यात दिव्याभोवती जाडजूड, पिवळट-तपकिरी, सॉसेजसारख्या पोटाचा किडा आपटत फिरतो आणि सगळे त्याला गांधीलमाशी समजतात. त्याचे कामकरी आंधळे, लहान आणि जमिनीखाली राहणारे. नर आणि कामकरी इतके वेगळे दिसतात की असे जोडीदार पूर्वी वेगवेगळ्या नावांनी वर्णिले गेले. त्यामुळे नर एकटा सापडला तर ♂ लिहा, पण प्रजातीचं नाव घाईने टाकू नका.

सोलापूरच्या उन्हाचा या कामाशी थेट संबंध आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की वाळलेला नमुना पापडासारखा होतो. टाचणी हलवली तरी मिशी तुटते, आणि मिशीच गेली तर मोजायचं काय? हात लावण्याआधी नमुना मऊ करून घ्यायचा: झाकणाच्या डब्यात तळाला दोन सेंटिमीटर ओली वाळू, वर ब्लॉटिंग पेपर, बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर थायमॉल. मुंगीला १२ ते २४ तास पुरतात, जास्त ठेवली तर गोंद सुटून ती कार्डावरून घसरते. शक्य असेल तर पेरं मोजायचं काम पावसाळा संपताना करावं. कुप्यांतलं ८० टक्के अल्कोहोलही उन्हात उडतं, आणि त्यात पाण्याआधी अल्कोहोल जातं, म्हणून वरून थोडं ओतून भागत नाही. वर्षातून एकदा पूर्ण बदलावं.

चिकटवण्याची पद्धत तीच ठेवली आहे: कार्डाचा ७ मिमी लांब त्रिकोण, टोक किंचित वाकवलेलं, मुंगीच्या उजव्या बाजूने मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये गोंदाचा थेंब. डावी बाजू पूर्ण मोकळी राहते. पाण्यात सुटणारा पांढरा गोंदच वापरायचा, झटपट चिकटणारा नको, कारण खूण तपासायला नमुना पुन्हा काढावा लागतो. एकाच वारुळातले तीन नमुने एका टाचणीवर लावता येतात. जुन्या पेटीत अशा टाचण्यांना एकच ☿ लावलेली होती आणि वरची मुंगी राणी होती. आता चिठ्ठीवर क्रम असतो: ‘वरून ♀, ☿, ♂’.

खूण ठिकाणाच्या चिठ्ठीवर न काढता वेगळ्या ५ × ५ मिमी तुकड्यावर, खाली लावायची. खूण चुकली असं कळलं तर मूळ तुकडा काढायचा नाही, खोडायचा नाही, नवा तुकडा त्याखाली घालून त्यावर तपासणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहायचं. जुनी चूकही नमुन्याच्या इतिहासाचा भाग असते.

हाताने काढताना ०.०५ मिमीचं रंगद्रव्य शाईचं पेन, खुणेची उंची किमान २ मिमी. ♂ चा बाण वर उजवीकडे. ☿ काढताना आधी वरची चंद्रकोर, मग गोल, मग दांडा, शेवटी आडवी रेघ. उलट क्रमाने गेलं की कोरीला जागा उरत नाही आणि ती गोलात मिटते. मग ती इंग्रजी आठच्या आकड्याला शेपूट लावल्यासारखी दिसते किंवा सरळ ♀ वाचली जाते. कामकऱ्याची राणी होण्याचं हे सगळ्यात साधं कारण, आणि चारही पेट्यांत सापडलं. चौकोनी तुकडा उलटा बसला तर ♀ चा क्रॉस वर जातो आणि ती पृथ्वीची खूण दिसते, म्हणून तुकड्याच्या खालच्या कडेला बारीक रेघ ओढतो. अनेकवचनासाठी ♂♂ लिहायची पद्धत आहे. आम्ही त्याऐवजी आकडा लिहितो: ३ ☿.

छपाई करायची तर संगणकावर ♂ आणि ♀ सोप्या: विंडोजवर ऑल्ट दाबून नंबर पॅडवर अनुक्रमे ११ आणि १२. ☿ इतकी सहज येत नाही, ती चिन्हांच्या यादीतून घालावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बसवला की तिच्या जागी चौकोन किंवा भलतंच अक्षर येतं. म्हणून प्रेसला फाइल देताना कोरलड्रॉमध्ये सगळं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) द्यावं आणि पहिली शीट भिंगाखाली पाहूनच पुढची छापावी. इंकजेटची साधी शाई ओलीने पसरते. लेझरची अक्षरं कोरड्या पेटीत टिकतात, अल्कोहोलच्या कुपीत कालांतराने सुटून तरंगतात. कुपीत पेन्सिल किंवा इंडिया इंकच. नोंदवही संगणकावर असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर सगळ्या खुणांची प्रश्नचिन्हं होतात.

आजची स्थिती: पहिल्या तीन पेट्या झाल्या. चौथीत मिशा तुटलेले नमुने उरलेत. त्यातल्या ज्यांचा माथा आणि छाती शाबूत आहे त्यांना खूण मिळेल, बाकीच्यांच्या तुकड्यावर फक्त ‘?’. एक पंखवाला डोंगळा वेगळा ठेवला आहे: त्याच्या डोक्याची डावी बाजू राणीसारखी रुंद आणि उजवी नरासारखी लहान दिसते. अर्धा नर अर्धी मादी असेल तर त्याची खूण ⚥. पण डोकं चिकटवताना दबलं असेल तरीही तसंच दिसेल. त्यामुळे तो पुन्हा मऊ करून, गोंद सोडवून, दोन्ही मिशांची पेरं वेगवेगळी मोजल्यावरच तुकडा लागेल. डावी १२ आणि उजवी १३ भरली पाहिजेत.